कायदा सगळ्यांना सारखा, मग श्रद्धेला सूट कशासाठी?

जून 2025 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मेरीलँड राज्यातल्या मॉन्टगोमेरी काउंटीच्या शाळांबद्दल एक निकाल दिला. तिथल्या प्राथमिक वर्गांत समलिंगी आणि ट्रान्सजेंडर पात्रं असलेली गोष्टींची पुस्तकं वाचली जात होती. काही मुस्लिम, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पालकांचं म्हणणं एवढंच होतं की पुस्तकं खुशाल ठेवा, पण ती वाचाल तेव्हा आमच्या पोरांना वर्गाबाहेर बसू द्या. शाळा मंडळ आधी अशी मुभा देत होतं. 2023 मध्ये ती बंद केली. खटल्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत ती मुभा द्या, असं कोर्टाने 6 विरुद्ध 3 मतांनी सांगितलं.

मुलं अमेरिकेत शाळेत आहेत अशा मराठी आईबापांनी ही बातमी दोनदा वाचली असेल. आणि दोन तऱ्हेचे लोक लगेच वैतागले असतील. एक म्हणणारे, "कायदा सगळ्यांना सारखा, मग यांचे लाड कशाला?" दुसरे म्हणणारे, "देवाधर्मापुढे सरकार कोण लागून गेलं?" दोघांनाही प्रश्न नीट कळलेला नाही, असं माझं मत आहे. तो समजून घ्यायला मायकल मॅक्कॉनेल नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाची कारकीर्द उपयोगी पडते. (सिनेटर मिच मॅक्कॉनेल ते वेगळे, गोंधळ नको. योगायोगाने दोघांचंही नातं केंटकी राज्याशी आहे.) मेरीलँडचा खटला मायकल यांनी लढवलेला नाही. पण असे खटले ज्या वादातून येतात, त्या वादात ते चाळीसेक वर्षं उभे आहेत.

आधी गच्चीचं कुलूप

ठाण्यातली एखादी सोसायटी घ्या. कमिटीने नियम केला की संध्याकाळी 7 नंतर गच्चीला कुलूप. कारण साधं: पोरं वर जाऊन दंगा करतात. नियम कुठल्याही धर्माविरुद्ध नाही, सगळ्यांना सारखा आहे.

कोजागरीला मात्र कुलूप उघडतं. त्यासाठी कोणी अर्ज करत नाही, कारण सेक्रेटरीच दूध आटवायला पातेलं घेऊन येतो. त्याच सोसायटीत एक बेने इस्रायली, म्हणजे ज्यू कुटुंब आहे. त्यांच्या सुक्कोथ सणात सात दिवस मोकळ्या आकाशाखाली मांडव घालून त्यात जेवायचं असतं. ते विचारायला गेले की उत्तर मिळतं, "नियम म्हणजे नियम." गंमत म्हणजे दोन्ही सण पौर्णिमेशी बांधलेले आहेत, 2025 साली 6 ऑक्टोबरला कोजागरी होती आणि त्याच संध्याकाळी सुक्कोथ सुरू झाला.

इथे कमिटी दुष्ट नाही, फक्त तिला सुक्कोथ माहीत नाही. कोजागरीला सूट मिळाली, पण ती सूट आहे हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. मॅक्कॉनेल यांचं सगळं म्हणणं या एका कुलपात बसतं. मोठ्या गटाची श्रद्धा नियम लिहितानाच सांभाळली जाते. लहान गटाला नंतर दार ठोठवावं लागतं, आणि ते दार कोर्टात असलं पाहिजे.

सोळा शब्द आणि शनिवारची सुट्टी

अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती 1791 ची. तिच्यातला धर्माचा मजकूर मूळ इंग्रजीत जेमतेम 16 शब्दांचा आहे. त्याचे दोन भाग. पहिला: सरकारने कुठलाही धर्म अधिकृत म्हणून बसवू नये. दुसरा: धर्म पाळण्यात आडकाठी करू नये. भांडण असतं ते "आडकाठी" कशाला म्हणायचं यावर. मुद्दाम एखाद्या धर्मावर बंदी घातली तर ती आडकाठी, हे कोणीही मान्य करेल. पण गच्चीच्या कुलपासारखा सरसकट नियम असेल तर?

1963 मध्ये कोर्टाने याचं उत्तर दिलं होतं. दक्षिण कॅरोलायनातल्या कापडगिरणीत काम करणाऱ्या अडेल शर्बर्ट सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथाच्या होत्या. त्यांचा विश्रांतीचा दिवस शनिवार. गिरणीने शनिवारी कामाला बोलावलं, त्या गेल्या नाहीत, नोकरी गेली. राज्याने बेकारभत्ताही नाकारला, का तर मिळणारं काम तुम्हीच नाकारलंत. त्याच राज्यात रविवार पाळणाऱ्या कामगाराला मात्र कायद्याचं संरक्षण होतं. म्हणजे तिथली कोजागरी रविवारी होती.

न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी शर्बर्टबाईंच्या बाजूने निकाल लिहिला आणि एक कसोटी घालून दिली. सरकारी नियमाचा श्रद्धेवर मोठा भार पडत असेल, तर तो नियम या माणसालाही लावणं का भाग आहे, याचं सबळ कारण सरकारने दाखवायचं. हिला मी पुढे "सबळ कारणाची कसोटी" म्हणतो. 1972 मध्ये आमिश या आधुनिक राहणीपासून दूर राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या पालकांना हिचाच फायदा झाला. आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवलं नाही म्हणून त्यांना प्रत्येकी 5 डॉलर दंड झाला होता. मेरीलँडच्या पालकांनीही त्याच आमिश निकालाचा आधार घेतला.

मॅक्कॉनेल यांनी उमेदवारीच्या काळात याच ब्रेनन यांच्या हाताखाली लॉ क्लार्क, म्हणजे न्यायाधीशाचा मदतनीस वकील, म्हणून काम केलं. ब्रेनन उदारमतवादी गोटाचे मोठे नाव. मॅक्कॉनेल श्रद्धावान प्रोटेस्टंट आणि राजकारणात उजवीकडे झुकलेले. पुढे ते रेगन यांच्या काळात सरकारी वकिलांच्या कार्यालयात होते आणि 1985 पासून शिकागो विद्यापीठात शिकवू लागले.

कडू निवडुंगाने घातलेला घोळ

आता 1990. पेयोटे हे बिनकाट्याचं, बुटकं निवडुंग. त्याचा वरचा बटणासारखा भाग कापून वाळवतात. चवीला जहर कडू, खाल्ल्यावर मळमळतं, आणि मग भास होतात. अमेरिकेतल्या मूळ आदिवासींच्या नेटिव्ह अमेरिकन चर्च या पंथाच्या रात्रभर चालणाऱ्या प्रार्थनेत तो प्रसादासारखा घेतात. चैनीसाठी कोणी तो खाईल असं वाटत नाही.

आल्फ्रेड स्मिथ आणि गेलन ब्लॅक हे दोघे ऑरेगनमध्ये व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक होते. स्मिथ क्लॅमथ जमातीचे, आणि स्वतः दारूतून बाहेर पडलेले. प्रार्थनेत पेयोटे घेतल्याबद्दल दोघांची नोकरी गेली, बेकारभत्ताही नाकारला गेला. वाटेल की शर्बर्टबाईंसारखंच प्रकरण, निकालही तसाच लागेल.

लागला उलटा. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी लिहिलं की कायदा तटस्थ असेल आणि सगळ्यांना सारखा लागू असेल, तर श्रद्धेसाठी सूट मागण्याचा घटनात्मक हक्क नाही. सूट हवी तर विधिमंडळाकडे जा. त्यात लहान धर्मांचं नुकसान होईल हे त्यांनी नाकारलं नाही. लोकशाहीत ते अटळ आहे, असं सरळ लिहून टाकलं. स्कॅलिया स्वतः पक्के कॅथलिक होते, उजव्या गोटाचे लाडके न्यायाधीश. म्हणजे हा उजवे विरुद्ध डावे असा सामना नव्हता.

मॅक्कॉनेल यांनी त्याच वर्षी दोन मोठे लेख लिहिले. एक शिकागोच्या विधी नियतकालिकात, दुसरा हार्वर्डच्या. शिकागोच्या लेखाचा विषय होता: ख्रिस्ती मुख्य प्रवाहाशी काही संबंध नसलेल्या दोन माणसांचं निवडुंग. या बाजूचा सगळ्यात टोचणारा दाखला मला दारूबंदीचा वाटतो. 1919 च्या कायद्याने अमेरिकेत दारूवर बंदी आली, तेव्हा धार्मिक विधीच्या वाइनला कायद्यातच सूट होती. ख्रिस्ती आणि ज्यू मतदार भरपूर होते. पेयोटेवाले मूठभर, म्हणून ऑरेगनच्या कायद्यात त्यांची सूट कोणी लिहिली नाही.

क्वेकरांची शपथ

हार्वर्डचा लेख इतिहासाचा होता. घटना लिहिणाऱ्यांना "धर्म पाळणं" म्हणजे काय अभिप्रेत होतं? मॅक्कॉनेल यांनी सुरुवातीच्या राज्यघटना उकरून काढल्या. न्यूयॉर्कच्या 1777 च्या घटनेत धर्मस्वातंत्र्य देऊन पुढे म्हटलं आहे की त्याच्या नावाखाली राज्याची शांतता आणि सुरक्षितता बिघडवता येणार नाही. त्यांचा तर्क असा: सरसकट कायद्यापुढे श्रद्धेला सूट मिळणारच नसती, तर सूट कुठवर द्यायची याची हद्द आखून ठेवायची गरजच काय होती? कुंपण घातलंय म्हणजे आत शेत आहे.

दुसरा पुरावा क्वेकरांचा. या पंथाचे लोक शपथ घेत नाहीत. म्हणून अमेरिकेच्या घटनेतच "शपथ किंवा प्रतिज्ञा" असे दोन पर्याय आहेत. शस्त्र हाती धरायला नकार देणाऱ्यांनाही काही वसाहतींनी सैन्यसेवेतून सोडलं होतं.

यावर प्रतिवाद झाला, आणि तोही भक्कम. फिलिप हॅम्बर्गर या इतिहासकार-प्राध्यापकाने 1992 मध्ये दाखवायचा प्रयत्न केला की त्या काळच्या लोकांना सूट हा हक्क वाटतच नव्हता. क्वेकरांना मिळाली ती विधिमंडळाची मेहेरबानी होती. मला विचाराल तर इतिहासाचं पारडं कुठल्याच बाजूला पुरतं झुकत नाही. मॅक्कॉनेल यांचा गच्चीवाला मुद्दा इतिहासाच्या मुद्द्यापेक्षा जास्त पटतो.

संसदेचं उत्तर, आणि चहाचा कप

पेयोटेच्या निकालाने अमेरिकेत अशी युती झाली की आज कोणाला सांगून खरं वाटणार नाही. नागरी हक्कांवर लढणाऱ्या डाव्या संघटना आणि कडवे ख्रिस्ती एका बाकावर बसले. डेमोक्रॅट टेड केनेडी आणि रिपब्लिकन ऑरिन हॅच यांनी सिनेटमध्ये विधेयक आणलं, ते 97 विरुद्ध 3 मतांनी मंजूर झालं आणि नोव्हेंबर 1993 मध्ये क्लिंटन यांनी सही केली. या कायद्याने सबळ कारणाची कसोटी परत आणली. 1997 मध्ये कोर्टाने तो राज्य सरकारांपुरता रद्द केला. केंद्र सरकारला तो आजही लागू आहे.

हा कायदा कसा चालतो ते मॅक्कॉनेल यांना खुर्चीत बसून पाहायला मिळालं. 2002 ते 2009 ते दहाव्या सर्किटच्या, म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या एक पायरी खालच्या, केंद्रीय अपील कोर्टात न्यायाधीश होते. तिथे न्यू मेक्सिकोतल्या एका छोट्या ब्राझिली पंथाचं प्रकरण आलं. सव्वाशे-दीडशे माणसं, आणि विधीत पिण्याचा होआस्का नावाचा चहा, ज्यात बंदी असलेलं रसायन असतं. सरकार म्हणे, अमली पदार्थाचा कायदा आहे, अपवाद नाही. मॅक्कॉनेल यांनी 2004 मध्ये पंथाच्या बाजूचं मत स्वतंत्रपणे लिहिलं. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानेही एकमताने पंथाची बाजू उचलून धरली: पेयोटेला केंद्राने सूट दिलेलीच आहे, मग अपवाद शक्यच नाही हे कशावरून?

"म्हणजे शेवटी ख्रिस्त्यांचीच वकिली ना?"

ही शंका रास्त आहे, कारण वकील म्हणून त्यांचे गाजलेले पक्षकार ख्रिस्तीच होते. 1995 चा रोझेनबर्गर खटला घ्या. व्हर्जिनिया विद्यापीठातले काही विद्यार्थी ख्रिस्ती दृष्टिकोनाचं मासिक काढत. विद्यार्थ्यांच्या फीमधून इतर मासिकांची छपाईची बिलं भागवली जात होती. यांनी 5,862 डॉलरचं बिल लावलं, ते मासिक धार्मिक म्हणून परत आलं. मॅक्कॉनेल यांनी सुप्रीम कोर्टात बाजू मांडली आणि 5 विरुद्ध 4 ने जिंकली.

समजा ग्रामपंचायतीचं सभागृह नाटकमंडळाला, बचत गटाला, वाचनालयाला मोफत मिळतं, आणि फक्त भजनी मंडळाला "तुम्ही देवाचं गाता" म्हणून नाही म्हणतात. ही तटस्थता नव्हे, असा त्यांचा मुद्दा. विरोधी न्यायाधीशांचा मुद्दाही ऐका: सभागृह देणं वेगळं आणि प्रचाराच्या पत्रकांचं छपाईचं बिल सार्वजनिक पैशाने भरणं वेगळं. धर्मासाठी तीन पेन्सचाही कर नको असं म्हणणारे, अमेरिकेच्या घटनेचे एक शिल्पकार जेम्स मॅडिसन व्हर्जिनियाचेच होते. या ठिकाणी मला विरोधकांचं म्हणणं जास्त जड वाटतं.

पण न्यायाधीश म्हणून त्यांनी 2008 मध्ये लिहिलेला कोलोरॅडोचा निकाल वाचला की "फक्त ख्रिस्त्यांचे" हा आरोप टिकत नाही. राज्याची शिष्यवृत्ती जेझुइटांच्या रीजिस विद्यापीठात शिकणाऱ्याला मिळत होती, मेथडिस्ट पार्श्वभूमीच्या डेन्व्हर विद्यापीठात मिळत होती. पण कोलोरॅडो ख्रिश्चन युनिव्हर्सिटी आणि बौद्ध परंपरेचं नारोपा विद्यापीठ यांना नाही, कारण ही "फारच धार्मिक". आता फारच कोण हे ठरवायला सरकारी बाबू काय करत? प्रार्थनेला हजेरी सक्तीची आहे का, धर्मशास्त्राचा तास मन वळवणारा आहे का, असं तपासत. म्हणजे अर्धवट धार्मिक चालेल, मनापासून धार्मिक नको. मॅक्कॉनेल यांनी हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. त्याने कडवे ख्रिस्ती आणि ध्यान करणारे बौद्ध दोघेही सुटले.

"उद्या कोणीही उठेल आणि धर्माचं नाव सांगेल"

ही भीती जुनी आहे आणि तिच्यात आपलाही उल्लेख आहे. 1879 मध्ये बहुपत्नीत्वाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने विचारलं होतं की एखादी बाई नवऱ्याच्या चितेवर जळून जाणं हा धर्म मानत असेल, तर सरकारने तिला अडवायचंच नाही का? प्रत्येक जण स्वतःपुरता कायदा होऊन बसेल, हे वाक्य तिथलं. स्कॅलियांनी 1990 मध्ये तेच पुन्हा उचललं.

उत्तर असं की सूट मागितली म्हणजे मिळाली, असं कधीच नव्हतं. आधी श्रद्धा खरी आहे का ते पाहतात, मग भार खरोखर मोठा आहे का, आणि शेवटी सरकारचं कारण. जीव वाचवणं हे कारण कुठल्याही कसोटीत वरचढ ठरतं. 1982 मध्ये एका आमिश मालकाने कामगारांचा सामाजिक सुरक्षेचा कर भरायला धर्माच्या आधारे नकार दिला, तेव्हा जुनी कसोटी लागू असूनही तो हरला. कर प्रत्येकाच्या श्रद्धेप्रमाणे कापायला गेलं तर व्यवस्थाच चालणार नाही, असं कोर्ट म्हणालं.

"आणि चटका दुसऱ्याला बसला तर?"

हा मात्र खरा अवघड आक्षेप. स्मिथने पेयोटे खाल्ला तर मळमळ त्यालाच होते. पण सूट देऊन तिसऱ्याचं नुकसान होत असेल तर?

2010 मध्ये मॅक्कॉनेल सॅन फ्रान्सिस्कोच्या हेस्टिंग्ज विधी महाविद्यालयाविरुद्ध सुप्रीम कोर्टात उभे होते. पक्षकार होती ख्रिस्ती विद्यार्थ्यांची संघटना. सभासदाने श्रद्धापत्रावर सही करावी आणि समलिंगी संबंध ठेवून त्याचा पश्चात्ताप न करणाऱ्याला सभासदत्व नाही, असा तिचा नियम. कॉलेज म्हणे, आमची मान्यता आणि पैसे हवेत तर कोणालाही घ्यावं लागेल. मॅक्कॉनेल यांचा सवाल होता की ज्याचा तुमच्या श्रद्धेवर विश्वास नाही त्यालाच पदाधिकारी करायला लागलं, तर संघटना कशाची राहिली? न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी उत्तर लिहिलं: नियम सगळ्या संघटनांना एकच आहे. 5 विरुद्ध 4 ने मॅक्कॉनेल हरले.

वारकरी मंडळाचा अध्यक्ष माळकरी असावा ही अपेक्षा कोणाला जाचक वाटत नाही. पण दारातून परत पाठवलेला मुलगा त्याच कॉलेजची फी भरतो, आणि त्याच फीतून त्याला नाकारणारं मंडळ चालतं. रोझेनबर्गरमध्ये फीचा पैसा सगळ्यांचा, म्हणून आम्हालाही द्या, हा युक्तिवाद चालला. पंधरा वर्षांनी तोच युक्तिवाद उलटून अंगावर आला, असं मला वाटतं.

आपल्याकडे हे कसं आहे

आपल्या कलम 25 मध्ये धर्मस्वातंत्र्य आहे, आणि सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य या मर्यादाही तिथेच लिहिल्या आहेत. शिखांच्या कृपाणाचा उल्लेख थेट घटनेत आहे. पगडीधारी शिखांना हेल्मेटमधून सूट मोटार वाहन कायद्यात. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही धार्मिक विधीच्या वाइनसाठी परवानगीची तरतूद आहे.

फरक पडतो तो कोर्टाच्या पहिल्या प्रश्नात. अमेरिकेतलं कोर्ट विचारतं, "तुमची श्रद्धा प्रामाणिक आहे का?" आपलं कोर्ट बहुतेक वेळा विचारतं, "हा आचार तुमच्या धर्मात आवश्यक आहे का?" म्हणजे न्यायाधीशांना पोथ्या उघडाव्या लागतात. अपवाद म्हणजे केरळमधल्या यहोवाज विटनेसेस पंथाच्या तीन मुलांचा 1986 चा निकाल. ती राष्ट्रगीताला उभी राहत, पण गात नसत. शाळेने काढलं, सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावलं. श्रद्धा आपल्याला पटते का हा प्रश्नच नाही, मनापासूनची आहे का एवढंच पाहायचं, असं कोर्ट म्हणालं.

मग आता अमेरिकेत काय?

मॅक्कॉनेल 2009 पासून स्टॅनफर्डला आहेत. 2021 मध्ये मुलांना सांभाळणारी कुटुंबं शोधून देणाऱ्या फिलाडेल्फियातल्या कॅथलिक संस्थेच्या खटल्यात तीन न्यायाधीशांनी 1990 चा पेयोटे निकाल रद्द करायची तयारी दाखवली. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी विचारलं की तो काढून त्या जागी ठेवायचं काय? निकाल तसाच राहिला. मात्र त्याला वळसा घालणारे निकाल वाढले, आणि त्यांचा लाभ घेणाऱ्यांत ख्रिस्ती संस्था ठळक आहेत.

दरम्यान मे 2025 मध्ये, मेरीलँडच्या निकालाच्या महिनाभर आधी, आणखी एक प्रकरण कोर्टाच्या दारात होतं. अॅरिझोनातली ओक फ्लॅट ही जागा अपाची लोक पवित्र मानतात, तिथे त्यांचे विधी होतात. सरकारला ती तांब्याच्या खाणीसाठी द्यायची होती. अपाचींची बाजू ऐकायलाच सुप्रीम कोर्टाने नकार दिला. न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी वेगळं मत लिहिलं आणि क्लॅरेन्स थॉमस यांनी त्याला साथ दिली. सरकार एखादं ऐतिहासिक कॅथेड्रल पाडायला निघालं असतं, तर हे प्रकरण आपण नक्की ऐकलं असतं, असं गॉर्सच यांनी त्यात म्हटलं आहे.